अठ्ठावन्न अंशांची पिशवी

शिर्डीतल्या हॉटेलांत शेवटची पंगत उठली की मागच्या दारी दुसरं काम सुरू होतं. उरलेला भात, आमटीत भिजलेल्या पोळ्या, भाज्यांची देठं, चहाचा चोथा, ताटांतलं खरकटं असं सगळं १२० लिटरच्या चाकांच्या डब्यात पडतं. डबा भरला की आत साठ-सत्तर किलो ओला माल सहज असतो. डब्यात आधीच एक मोठी काळी पिशवी अंथरलेली असते. डबा रोज घासावा लागू नये आणि सकाळी घंटागाडीवाल्याला पिशवीसकट माल उचलता यावा, एवढ्यासाठी ती असते.

या पिशवीकडून तीन कामं हवी असतात. तिने फाटू नये, गळू नये आणि काम झाल्यावर मागे उरू नये. पहिली दोन कामं साधी पॉलिथिनची पिशवी गेली सत्तर वर्षं चोख करते आहे. तिसरं तिला जमत नाही. ‘कंपोस्टेबल’ म्हणून विकली जाणारी जाड पिशवी तिन्ही कामं करण्याचा दावा करते. हा दावा खरा आहे, पण त्याला एक अट आहे आणि ती पिशवीच्या रोलवर बारीक अक्षरांतही क्वचितच छापलेली असते. पिशवी स्वतःहून नाहीशी होत नाही. तिला तापलेला, ओला, हवेशीर ढीग लागतो. म्हणून दुकानातून आपण विकत आणतो ती अर्धीच यंत्रणा असते. उरलेली अर्धी कुठे आहे, हे आधी शोधावं लागतं.

काळ्या पिशवीचा जन्म

पॉलिथिन सापडलं १९३३ साली, इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत, दुसरंच काही शोधताना. कचऱ्याच्या पिशवीसाठी मात्र १९५० साल उजाडावं लागलं. कॅनडातल्या विनिपेगच्या हॅरी वासिलिक यांनी पॉलिथिनच्या पिशव्या बनवल्या आणि त्या आधी विकल्या त्या विनिपेगच्या रुग्णालयाला. म्हणजे कचऱ्याची पिशवी घरात नंतर आली. तिचं पहिलं गिऱ्हाईक एक मोठी संस्था होती. त्यामागचं कारण आजच्या हॉटेलवाल्यालाही पटेल. कचरा जितका ओला आणि जितका जास्त, तितकं डबा धुण्याचं काम मोठं.

पिशवीचा टिकाऊपणा हा तिचा गुण होता, तोच पुढे दोष ठरला. महाराष्ट्राला त्याची जाणीव २६ जुलै २००५ रोजी झाली. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि तुंबलेल्या गटारांचं खापर प्लास्टिकच्या पिशव्यांवरही फुटलं. त्यानंतर २००६ मध्ये राज्यात अविघटनशील कचरा नियंत्रणाचा कायदा आला. त्याच कायद्याच्या आधारे २३ मार्च २०१८ रोजी राज्याने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर व्यापक बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,००० आणि तिसऱ्याला २५,००० रुपये दंड व तीन महिने कैद, हे आकडे त्या काळात दुकानदारांना तोंडपाठ झाले होते.

या बंदीतून एक वाट मोकळी ठेवली गेली. रोपवाटिका, फळबागा, शेती आणि घनकचरा हाताळणी एवढ्या कामांसाठी कंपोस्ट होणाऱ्या पिशव्यांना परवानगी मिळाली. त्या त्याच कामासाठी आहेत, हे पिशवीवर ठळक छापण्याची अट होती. केंद्राच्या नियमांत साध्या प्लास्टिकच्या कॅरीबॅगची किमान जाडी ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ मायक्रॉन आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन झाली. कंपोस्टेबल पिशव्यांना जाडीची ही अट नाही. त्याऐवजी त्यांना आयएस/आयएसओ १७०८८ या मानकाच्या कसोटीला उतरावं लागतं आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. बाजारात या पिशव्यांची रेलचेल झाली ती इथून.

कसोटी काय सांगते

मानकाची परीक्षा चार पेपरांची आहे. पहिल्यात पिशवीतला कार्बन किती उडून जातो ते मोजतात. साधारण ५८ अंश सेल्सियसला राखलेल्या कंपोस्टमध्ये १८० दिवसांच्या आत किमान ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड व्हायला हवा. दुसऱ्यात तुकडे बघतात. १२ आठवड्यांनंतर कंपोस्ट दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळलं, तर मूळ पिशवीचा दहा टक्क्यांहून कमी भाग वर उरायला हवा. तिसऱ्या पेपरात शिसं, कॅडमियम अशा जड धातूंची मर्यादा तपासतात. चौथ्यात त्या कंपोस्टमध्ये बी पेरतात आणि उगवण व वाढ साध्या कंपोस्टच्या तुलनेत मागे पडत नाही ना, ते पाहतात.

या परीक्षेतून दोन गोष्टी हाती लागतात. एक म्हणजे पिशवी खत बनवत नाही. तिच्यातला जवळजवळ सगळा कार्बन हवेत जातो आणि पिकाला हवा तो नत्र तिच्यात नसतोच. खत होतं ते आतल्या भाताचं आणि भाजीचं. पिशवीचं काम त्यांना प्लास्टिकची भेसळ न होता ढिगापर्यंत पोचवण्याचं. दुसरी गोष्ट तापमानाची. परीक्षा ५८ अंशांवर होते, विहिरीच्या पाण्यात किंवा रस्त्याकडेला होत नाही. विरजण कितीही चांगलं असलं तरी दूध थंडगार असेल तर दही लागत नाही; पिशवीचंही तसंच आहे.

शिर्डी ज्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे तो दुधाचा जिल्हा, म्हणून इथे एक प्रश्न हटकून विचारला जातो. गायीने ही पिशवी खाल्ली तर? गायीच्या पोटाचं तापमान ३९ अंशांच्या आसपास असतं आणि तिथे प्राणवायू जवळजवळ नसतो. मानकाची कोणतीही चाचणी जनावराच्या पोटात होत नाही. त्यामुळे कंपोस्टेबल पिशवी गायीला चालते, असं म्हणायला आधार नाही. खरकट्याची पिशवी झाकण नसलेल्या कुंडीत टाकणं, पिशवी कोणतीही असली तरी, चूकच.

पिशवीत असतं काय

‘मक्याची पिशवी’ हे तिचं बाजारातलं नाव निम्मंच खरं आहे. अशा पिशवीत बहुधा दोन-तीन द्रव्यांचं मिश्रण असतं. पहिलं पीबीएटी. जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने ते १९९८ मध्ये ‘इकोफ्लेक्स’ नावाने बाजारात आणलं. पिशवीला ताण सहन करण्याची लवचिकता तेच देतं आणि प्रचलित पीबीएटी खनिज तेलापासून बनतं. दुसरं पीएलए, म्हणजे लॅक्टिक आम्लाचं पॉलिमर. ते कडक आणि ठिसूळ. नुसत्या पीएलएची कचऱ्याची पिशवी बनवली तर पहिल्याच शेवग्याच्या देठाने भोक पडेल. तिसरं मका किंवा टॅपिओकाचा स्टार्च, जो स्वस्तही पडतो आणि ओलावाही खेचतो. म्हणजे ‘कंपोस्ट होते’ आणि ‘वनस्पतीपासून बनते’ ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं खरं असताना दुसरं अर्धवट असू शकतं.

लॅक्टिक आम्ल आंबट दुधातून प्रथम वेगळं केलं ते कार्ल शील या स्वीडिश शास्त्रज्ञाने, १७८० मध्ये. आज ते कारखान्यात साखर आंबवून तयार करतात. रसायनशास्त्राचा हिशेब धरला तर एक किलो पीएलएला सुमारे सव्वा किलो साखर लागते, प्रत्यक्षात जास्तच. हा आकडा ऐकून साखरेच्या जिल्ह्याने कान टवकारायला हवेत. प्रवरानगरला १९५०-५१ मध्ये विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने सहकारी साखर कारखाना उभा केला. त्याही आधी १९३९ मध्ये सोमय्यांची गोदावरी शुगर मिल्स निघाली होती. कोपरगाव तालुक्यात साकरवाडीला त्याच घराण्याची गोदावरी बायोरिफायनरीज आज उसाच्या अल्कोहोलपासून इथाइल ॲसिटेटसारखी रसायनं बनवते. उसापासून साखर, साखरेनंतर अल्कोहोल आणि अल्कोहोलपासून रसायन हा रस्ता या जिल्ह्याने केव्हाच मळला आहे. पुण्याच्या प्राज कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये जेजुरीला जैवपॉलिमरचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. उत्तर प्रदेशात कुंभी इथे बलरामपूर चिनी मिल्स मोठा पीएलए कारखाना उभारते आहे. कोपरगाव-श्रीरामपूरच्या पट्ट्यातली साखर उद्या पिशवी होऊन परत आली, तर आश्चर्य वाटायला नको.

जाडी आणि कुजणं यांची ओढाताण

घरातल्या छोट्या डब्याची पिशवी आणि हॉटेलच्या डब्याची पिशवी यांत फरक फक्त मापाचा नाही. साठ किलो ओला माल उचलायचा म्हणजे पिशवी जाड हवी आणि तळ पक्का हवा. साध्या सरळ सीलमध्ये तळाच्या दोन कोपऱ्यांत पाणी साचतं आणि सील तिथूनच सुटते. म्हणून जड कामाच्या पिशव्यांना ‘स्टार सील’ करतात. तळ घड्या घालून एका जागी आवळतात आणि वजन चहूबाजूंना वाटलं जातं. पिशवी घेताना मायक्रॉन विचारण्याआधी तळ उलटून पाहावा.

पण जाडी वाढवली की कुजायला वेळ लागतो. सूक्ष्मजीव पृष्ठभागावरून आत शिरत जातात. थर जितका जाड तितकी वाट लांब. म्हणून प्रमाणपत्र चाचणी झालेल्या जाडीपर्यंतच चालतं. वीस मायक्रॉनवर पास झालेलं मिश्रण पन्नास मायक्रॉनच्या पिशवीत वापरलं, तर जुन्या प्रमाणपत्रावर भागत नाही. जड पिशवी मागणाऱ्याने नेमकं हेच विचारायचं असतं.

किमतीच्या हिशेबातही एक खोच आहे. कचऱ्याच्या पिशव्यांचा घाऊक व्यवहार बहुधा किलोवर चालतो. साध्या पॉलिथिनच्या (एलडी) पिशवीची घनता ०.९२ आणि पीबीएटी-पीएलएच्या मिश्रणाची साधारण १.२५. माप आणि जाडी तीच ठेवली, तर ज्या वजनात साध्या १०० पिशव्या बसतात त्या वजनात कंपोस्टेबल ७४च बसतात. किलोचा भाव आधीच जास्त, त्यात नग कमी. म्हणून दर नगावर विचारावा.

साठवणीचंही पथ्य आहे. कुजण्यासाठी बनवलेली वस्तू गोदामातही हळूहळू कमकुवत होते. उष्णता आणि दमट हवा तिचे लांब रेणू तोडू लागतात. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे काढलेला रोल पावसाळ्यात उघडला, तर पिशवी हात लावताच चिरत जाते. वर्षभराचा साठा एकदम घेऊ नये. माल सावलीत, कोरड्या जागी ठेवावा आणि आधी आलेला आधी वापरावा. भरलेली पिशवीही दोन दिवस ठेवायची नसते. गरम आमटी आणि आंबट पदार्थ आतून पिशवीला लागले की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं.

ताप कुठे मिळतो

आता उरलेली अर्धी यंत्रणा. चांगल्या कंपोस्टच्या ढिगात ओलावा ५० ते ६० टक्के असतो, कार्बन आणि नत्राचं प्रमाण २५ ते ३० ला एक असं राखतात, आणि ढीग वेळोवेळी पलटतात. मग सूक्ष्मजीवांच्या कामानेच आतलं तापमान ५५ ते ६५ अंशांवर जातं. बाहेरून उष्णता द्यावी लागत नाही. नगरपालिकेच्या डेपोतला मिसळ कचऱ्याचा डोंगरही आतून तापतो, पण त्याला कुणी पलटी देत नाही, ओलावा मोजत नाही. वर सगळं सुकलेलं आणि आत हवा नाही. अशा ठिकाणी कंपोस्टेबल पिशवी आणि साधी पिशवी यांच्यात बराच काळ काही फरक दिसत नाही.

घराच्या परसातला खड्डा किंवा गांडूळखताचा वाफा यांचाही इथे उपयोग नाही. गांडुळं ४० अंशांतही जगत नाहीत, मग ५८ कुठून येणार? ‘२४ तासांत खत’ म्हणून विकली जाणारी यंत्रं अन्न तापवून सुकवतात. तेवढ्या वेळात पिशवी कुजत नाही, तिच्या चिंध्या होतात.

बायोगॅसची गोष्ट आणखी वेगळी. पुण्यातल्या हॉटेलांचं खरकटं तळेगावच्या नोबल एक्स्चेंजच्या प्रकल्पात गॅससाठी जातं. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेलं ‘निसर्गऋण’ तंत्र आणि पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी घडवलेला छोटा बायोगॅस संच हेही याच वाटेचे. या टाक्यांत प्राणवायू नसतो आणि बहुतेक टाक्या ३५-४० अंशांवर चालतात. तिथे पीबीएटीची पिशवी पुरेशा वेगाने कुजत नाही आणि फिरत्या दांड्याला गुंडाळली जाते. म्हणून माल टाकीत जाण्याआधी पिशव्या काढाव्याच लागतात. हॉटेलचा ओला कचरा नुसत्या बायोगॅसला जात असेल, तर महागाची कंपोस्टेबल पिशवी घेण्यात अर्थ नाही.

इटलीतल्या मिलान शहराने मात्र २०१२ ते २०१४ या काळात टप्प्याटप्प्याने घरोघरचा अन्नकचरा कंपोस्टेबल पिशव्यांतून गोळा करायला सुरुवात केली. घरांना जाळीदार, हवेशीर बादल्या दिल्या. तिथला माल आधी बायोगॅसला आणि मग कंपोस्टला जातो. पिशवी, बादली, गाडी आणि प्रकल्प असे चारही दुवे एकत्र आखले, म्हणून ते जमलं. आपल्याकडे बहुधा पहिला दुवाच विकत घेतला जातो.

जिल्ह्यातच असलेला गरम ढीग

आणि इथे अहिल्यानगरची गंमत आहे. ५८ अंश हवे असलेली पिशवी कचरा डेपोत थंड पडते, पण त्याच जिल्ह्यात एकरच्या एकर गरम ढीग वर्षानुवर्षं लागत आले आहेत. ते साखर कारखान्यांच्या आवारात असतात. उसाच्या वजनाच्या तीन-चार टक्के प्रेसमड, म्हणजे रस गाळून उरलेला गाळ, निघतो. ज्या कारखान्यांना डिस्टिलरी आहे तिथे प्रत्येक लिटर अल्कोहोलमागे कित्येक लिटर स्पेंटवॉश, म्हणजे डिस्टिलरीचं सांडपाणी, उरतं. ते नदी-नाल्यात सोडता येत नाही. म्हणून प्रेसमडच्या लांब ओळी घालून त्यांवर स्पेंटवॉश फवारायचं, एरोटिलरने पलटी मारत राहायचं आणि दीड-दोन महिन्यांत खत करायचं, ही पद्धत कारखान्यांनी स्वीकारली. अलीकडे काही ठिकाणी स्पेंटवॉश बॉयलरमध्ये जाळतात आणि प्रेसमडपासून गॅस काढतात. तरीही ढीग तापवण्याचं, पलटण्याचं आणि ओलावा राखण्याचं कसब या भागात नवं नाही.

शिर्डीच्या हॉटेलांचं खरकटं, प्रमाणित पिशव्यांत भरून, वीस-पंचवीस किलोमीटरच्या टापूतल्या अशा एखाद्या ढिगाकडे नेता येईल का, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. त्यात अडचणी आहेत. एरोटिलरच्या दांड्यांना अख्ख्या पिशव्या गुंडाळतील, म्हणून त्या आधी फाडायला हव्यात. घराघरांतला मिसळ कचरा तिथे मुळीच चालणार नाही. एक फुटकी बाटली किंवा एक बॅटरी आली तरी खत १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाच्या कसोटीत नापास होऊ शकतं आणि शेतकऱ्याचा विश्वास जाईल तो वेगळाच. कारखान्याचं कंपोस्ट पावसाळ्यात थांबतं, भाविक मात्र बाराही महिने येतात. म्हणून पावसाळ्यासाठी छपराखालची सोय लागेल. परवानग्याही नव्याने घ्याव्या लागतील. यांतली कुठलीही अडचण नवा शोध लागल्याशिवाय सुटणार नाही, अशी नाही.

पिशवीच्या बाजूने या जिल्ह्यात आणखी एक मुद्दा आहे, पाण्याचा. पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड हे तालुके पर्जन्यछायेतले. उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या ढाब्याला रोज चार डबे धुवायला सांगणं सोपं नाही. पुढे गरम ढीग पक्का असेल, तर तिथे पिशवी पाणी वाचवते. याच कारणाने ती लग्नाच्या मंगल कार्यालयांत, यात्रांत आणि भंडाऱ्यात कामाची आहे. तिथे एका दिवसात प्रचंड ओला माल निघतो आणि डबे परत आणून धुणारं कुणी नसतं.

ओळखायची कशी

बाजारात ‘बायोडिग्रेडेबल’, ‘इको’, ‘ऑक्सो’ असे शब्द आणि हिरव्या पानांची चित्रं भरपूर. ऑक्सो म्हणजे साध्या पॉलिथिनमध्ये धातूचे क्षार मिसळून त्याचे लवकर तुकडे पडतील अशी केलेली सोय. ती कंपोस्टच्या कसोटीला उतरत नाही. खऱ्या पिशवीवर ‘कंपोस्टेबल’ हा शब्द, उत्पादकाचं नाव आणि केंद्रीय मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक असायला हवा. क्रमांक नुसता पाहू नये. प्रमाणपत्राची प्रत मागावी आणि तिच्यावरचं नाव रोलवरच्या नावाशी ताडून पाहावं.

घरच्या घरी होणारी एक चाचणीही आहे. पिशवीचा बोटाएवढा तुकडा कापा, साबणाच्या पाण्यात चोळून त्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे काढा आणि पाण्याच्या ग्लासात बुडवून सोडा. साधं पॉलिथिन पाण्याहून हलकं, ते वर येतं. पीबीएटी, पीएलए आणि स्टार्च तिन्ही पाण्याहून जड, ते तळाशी जातात. तुकडा तरंगला तर पिशवी नक्की खोटी. बुडाला तर मात्र ती खरी ठरत नाही, कारण चुनखडीची भुकटी भरपूर मिसळलेलं पॉलिथिनही बुडतं. म्हणजे या चाचणीने खोटं पकडता येतं. खऱ्याची खात्री कागदच देतो.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी दिवसाला सरासरी १०० किलोहून जास्त कचरा करणाऱ्यांना मोठे कचरा उत्पादक ठरवलं आणि हॉटेलांना ओला कचरा वेगळा ठेवून शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं. त्यामुळे पिशव्यांची ऑर्डर देण्याआधी मालकाने आपल्या कचऱ्याच्या ठेकेदाराला एक प्रश्न लेखी विचारावा: हा माल उतरतो कुठे? बायोगॅसला जात असेल तर घट्ट झाकणाचे ड्रम घ्यावेत आणि माल पिशवीविना द्यावा. पलटी दिल्या जाणाऱ्या कंपोस्टला जात असेल, तर प्रमाणपत्राच्या जाडीतली, स्टार सीलची, ताजी पिशवी तिथे आपली पूर्ण किंमत वसूल करून देईल. आणि ठेकेदाराला डेपोपलीकडे काही सांगता येत नसेल, तर पिशवीवर जादा पैसे घालू नयेत. ते पैसे हॉटेलच्या आवारातच कंपोस्टचा हौद बांधायला लावावेत. तापमापी खुपसून रोज आकडा लिहिला, तर दोन-तीन आठवड्यांत आपला ढीग ५८ ला पोचतो की नाही हे मालकाला स्वतःलाच कळेल.